गुराबाची भेग आणि कूलरची हवा

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

समुद्रापासून एवढ्या लांब, चंद्रपूर जिल्ह्यातल्या खेड्यात कान्होजी आंग्र्यांचं दालन कशाला, असं विचारणारे पुष्कळ येतात. तुम्ही आल्या आल्या विचारलंत, "कूलर कुठं ठेवता?"

दुखणं तिथंच होतं. मे महिन्यात बाहेर ४६ अंश आणि खडखडीत कोरडं. आत दिवसभर ओल्या ताट्यांची हवा थेट काचपेटीवर, रात्री कूलर बंद. साग आडव्या अंगानं फुगतो-आकसतो, उभ्या अंगानं जवळजवळ नाहीच. आमच्या तीन फुटी सागवानी गुराबाच्या, म्हणजे आंग्र्यांच्या आरमारातल्या लढाऊ जहाजाच्या प्रतिकृतीच्या, फळ्या बरगड्यांना फेविकॉलनं जखडलेल्या. आकसायला जागा नाही, म्हणून नाळेजवळ, जहाजाच्या पुढच्या टोकाशी, भेग.

पुट्टी भरायला निघालो होतो, तुम्ही हात धरलात. उन्हाळ्यात बुजवलेली भेग पावसाळ्यात फळी फुगली की शेजारची फळी उचकटते. ऑक्टोबरपर्यंत थांबून तुम्ही सागाची पातळ चीप बसवलीत, तीही एकाच कडेला चिकटवून. दोऱ्यांचंही तेच. पिळाची सुती दोरी ओल लागली की आखडते. मेमध्ये ताणून बांधलेल्या दोऱ्यांनी श्रावणात डोलकाठीचा शेंडा वाकवला होता.

पितळी होकायंत्राची मात्र हळहळ वाटते. दर दिवाळीला चिंच-मीठ लावून लख्ख घासायचो. आंबटानं पितळ झिजलं, फटीतल्या मिठानं ओल धरून पुन्हा कळंक आणला. झाकणावरची अक्षरं गेली ती गेलीच. आता डिस्टिल्ड पाण्याचा बोळा, पूर्ण सुकवणं आणि मेणाचा पातळ हात, बस.

आणि ती चिठ्ठी, 'सरखेलांचे होकायंत्र'! सरखेल म्हणजे आरमारप्रमुख कान्होजी, ते वारले १७२९ साली. तुम्ही भिंगातून स्क्रूचे आटे दाखवलेत. सगळे एकसारखे, मशीनवर पाडलेले. चिठ्ठीवर आता 'नंतरच्या काळातील, नमुन्यादाखल' असं आहे. एकदोघं रुसले. रुसू द्या.

१९९९ सालचं गुराबाचं तीन रुपयांचं टपाल तिकीट ट्यूबलाइटखाली विटत चाललं होतं. त्याची रंगीत प्रत भिंतीवर लावली, मूळ तिकीट पाकिटात, अंधारात. सिलिका जेल फक्त पावसाळ्यात ठेवतो. निळे खडे गुलाबी झाले की वेगळ्या ठेवलेल्या कढईत मंद आचेवर सुकवतो. ती कढई स्वयंपाकात जाऊ नये म्हणून तिला भोक पाडलंय.

कूलर आता वाचकांच्या खोलीत. चिपेची मोकळी कड दर महिन्याला तपासतो. मेमध्ये पोस्टकार्ड सहज शिरलं, ऑगस्टमध्ये साधा कागदही जाईना.

आपली,
दालनाची मंडळी