दत्तजयंतीला येत नाही, हवानाला चाललेय

ब्रॅम्प्टन (कॅनडा),
17 नोव्हेंबर 2024

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आधी बातमी सांगते, मग कारणं. फोनवर सांगितलं असतं तर आई, तू "बरं" म्हणून फोन बाबांकडे दिला असतास, आणि बाबा, तुम्ही इथली थंडी विचारली असतीत. म्हणून लिहायला बसले. दादा मोठ्या अक्षरात प्रिंट काढून आणून देईल.

यंदा दत्तजयंतीला मी येत नाहीये. 12 डिसेंबरला एका ग्रुपबरोबर क्यूबाला जातेय, हवाना शहरात. पैसे भरून झालेत, रजाही मंजूर झालीय. पाडव्याला मात्र नक्की येते. ते तिकीटही काढून ठेवलंय, दादाला पाठवलंय, त्याच्या मोबाईलवर बघून घ्या. म्हणजे पोरगी थापा मारत नाही हे कळेल.

आई, पारायणाच्या उद्यापनाला मी नसणार हे मला लागतंय. सवाष्णी, ब्राह्मण, पंगत, सगळं तुझ्या एकटीच्या अंगावर पडू नये म्हणून वहिनीशी बोललेय. पुरणाला बाई लाव. पैसे मी देणार, त्यावर चर्चा नको.

आता तू म्हणणार, समुद्र बघायचा तर गणपतीपुळ्याला जा, आणि माणसं भेटायची तर सांगलीत काय माणसांचा दुष्काळ पडलाय? रास्त आहे. पण ही टूर जरा वेगळी आहे, नीट सांगते. इथून हवाना विमानाने साडेतीन तासांवर. क्यूबात सगळ्यात जास्त पर्यटक जातात ते कॅनडातूनच, पण बहुतेक जण वरादेरोच्या किनाऱ्यावरच्या हॉटेलात मनगटाला पट्टा बांधून आठवडाभर लोळतात आणि भाजून परत येतात. आमचा ग्रुप शहरातच राहणार, तोही लोकांच्या घरी. 1997 पासून तिथे घरातल्या खोल्या परदेशी पाहुण्यांना भाड्याने द्यायची परवानगी आहे. अशा घरांच्या दारावर जहाजाच्या नांगरासारखी दिसणारी निळी खूण असते. सकाळी घरच्यांबरोबर नाश्ता, मग गाइड म्हणेल तिकडे: आलामार भागातलं सहकारी भाजीचं शेत, गल्लीत टेबल टाकून चाललेला डॉमिनोचा डाव, रविवारी दुपारी हामेलच्या बोळातला रुंबा नाच. त्या बोळाच्या भिंती साल्वादोर गोन्सालेस नावाच्या चित्रकाराने 1990 पासून रंगवत नेल्या. कोपेलियाचं आइस्क्रीमही आहे यादीत. तिथल्या रांगेची पद्धत मला फार आवडली. आल्या आल्या "शेवटचं कोण?" असं ओरडून विचारायचं, तो माणूस लक्षात ठेवायचा आणि खुशाल सावलीत जाऊन बसायचं. बाबा, तुम्ही बँकेत हेच करता आणि लोक भांडतात.

पैसे देऊन माणसं भेटायची ही कल्पना मलाही आधी विचित्रच वाटली होती. कोणीतरी आपल्यासाठी हसणार, नाचणार, आपण फोटो काढणार. पण खोलीचं भाडं बरंचसं त्या घरालाच मिळतं आणि नाश्ता तीच बाई करते, म्हटल्यावर जरा बरं वाटलं. बाकी खरं-खोटं तिथे गेल्यावर कळेलच. नाही पटलं तर धक्क्यावर जाऊन बसेन. मालेकोन म्हणतात त्याला, जवळपास आठ किलोमीटर लांबीची समुद्राकाठची भिंत. संध्याकाळी अख्खं गाव तिच्यावर येऊन बसतं, तिकीट नाही काही नाही.

आई, तुला मुद्दाम सांगायची एक गोष्ट राखून ठेवली होती. तारीख मी निवडली ती 17 डिसेंबरसाठी. त्या दिवशी हवानाच्या बाहेर एल रिंकोन नावाच्या गावात संत लाझारोची यात्रा भरते. आदल्या रात्रीपासून लोक चालत येतात. कोणी गोणपाट नेसलेलं, कोणी जांभळ्या कपड्यात, कोणी गुडघ्यांवर सरकत, कोणी पायाला दगड बांधून फरफटत. आजारपणाचे नवस फेडायचे असतात. संताची मूर्ती कुबड्या घेतलेल्या, अंगावर जखमा असलेल्या म्हाताऱ्याची, आणि पायाशी कुत्री! फोटो पाहिला आणि मला आपल्या देवघरातली तसबीरच दिसली. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांनी आपला बाबालू आये नावाचा देव या संताच्या आड जपला, म्हणून एकाच मूर्तीपुढे कोणी मेणबत्ती लावतं, तर कोणी आपल्या त्या देवाला सिगार वाहतं. दत्तजयंती 14 ला आणि ही यात्रा 17 ला. तेव्हा मी अगदीच नास्तिकांच्या गावी चाललेय असं नरसोबाच्या वाडीला कोणाला सांगू नकोस.

बाबा, तुम्ही चिडणार नाही हे मला ठाऊक आहे. तुम्हाला काळजी वाटेल आणि थोडा हेवाही वाटेल. इंदिरा गांधींना क्यूबाच्या कॅस्ट्रोंनी मिठी मारली तो 1983 चा किस्सा तुमच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलाय की मी स्वतः दिल्लीच्या विज्ञान भवनात होते असं वाटतं. आणि 1992 चा गहू! सोव्हिएत युनियन मोडल्यावर क्यूबाचे खायचे वांधे झाले, तेव्हा कम्युनिस्ट नेते सुरजितांनी हाक दिली, आणि तुम्ही कारखान्याच्या गेटवर पावत्या फाडत उभे होतात. आई तेव्हा काय म्हणाली होती ते मी इथे लिहीत नाही. दहा हजार टन गहू गेला जहाजाने, तांदूळ गेला, साबणही गेला.

आता ऐका. टूरवाल्यांनी सामानाची यादी पाठवली आहे, घरमालकिणीसाठी शक्य असेल तर आणा म्हणून. पॅरासिटामॉल, सुया, दोरा, नंबराचे वाचायचे चष्मे. आणि साबण. मी अर्धी बॅग साबणांनीच भरली. तुमच्या वेळी वास कोणता होता माहीत नाही, मी चंदनाचे घेतलेत.

तिथली परिस्थिती वाईट आहे, लपवत नाही. 1962 पासून दर घराला रेशनची वही आहे. तांदूळ, साखर, कडधान्य, तेल त्यावर मिळायचं. आता वहीत नोंद असते, पण दुकानात माल असेलच असं नाही. या सप्टेंबरात रोजचा पाव 80 ग्रॅमवरून 60 ग्रॅमवर आणला. साखरेचं तर तुम्हाला वाचून वाईट वाटेल. 1970 साली एक कोटी टनांचा चंग बांधून 85 लाखांपर्यंत पोचलेला देश आता पाच लाख टनांच्याही खाली गेलाय, साखर बाहेरून आणतोय. कोणी अमेरिकेच्या नाकेबंदीला दोष देतं, कोणी त्यांच्याच सरकारला. तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे. मी मात्र तिथे जाऊन गप्प राहून ऐकणार आहे.

विजेचं तुम्ही वाचलंच असणार. 18 ऑक्टोबरला मोठं केंद्र बंद पडलं आणि अख्ख्या देशाची लाइट गेली. मग 6 नोव्हेंबरला वादळ आलं, पुन्हा तेच. भूकंप झाला तो पार पूर्वेच्या टोकाला, हवानापासून फार लांब. मी बॅटरी, पॉवर बँक, हातपंखा घेतलाय. डिसेंबरात तिथे उकाडाही कमी असतो. आणि अंधाराची मला भीती नाही, ते तुम्हीच केलंय. लाइट गेली की तुम्ही मला गच्चीवर न्यायचा आणि वहीच्या पुठ्ठ्याने वारा घालत बसायचा. मी झोपले असं वाटून हात थांबला की मी एक डोळा उघडायचे. पहाटेपर्यंत किती वेळा फसलात हो बाबा!

खाण्याचं म्हणाल तर काळा घेवडा घातलेला भात, कच्च्या केळ्याचे तळलेले काप, अळकुडीच्या जातीचा एक कंद, पेरू, पपई. भातात डुकराची चरबी घालतात म्हणून आधीच कळवलंय. त्या बाईने उलट व्हॉइस मेसेज पाठवला, साठीची असेल, पूर्वी भूगोल शिकवायची शाळेत. मला तिच्या स्पॅनिशमधलं निम्मंच कळलं, पण सूर अगदी आई, तुझा होता: वेगळं भांडं ठेवते, तू ये. पाणी उकळूनच पिणार. आरोग्य विमा असल्याशिवाय तिथे शिरूच देत नाहीत, तो झालाय. परदेशी लोकांसाठी सिरा गार्सिया नावाचं हॉस्पिटल आहे, त्याचा पत्ता दादाकडे आहे. गल्लोगल्ली डॉक्टर असण्याबद्दल तर त्या देशाचं नावच आहे. ग्रुपमध्ये सगळे माझ्यापेक्षा मोठे, तुमच्या वयाचं एक जोडपंही आहे. रात्री नऊला किल्ल्यावर रोज तोफ उडवतात. ती ऐकली की मी घरात असणार, झालं?

एवढं सगळं लिहून खरी गोष्ट राहिलीच.

गेल्या वर्षीचं सगळं झाल्यावर मी आले, तेव्हा तुम्ही दोघांनी एक शब्द विचारला नाहीत. आई, तू तर दारातच बायकांना थोपवत होतीस. "झोपलीय ती", "तिला बरं नाही", "तिचं ऑफिसचं काम चाललंय". उद्यापनाच्या दिवशी पंगतीत वाढताना मला पुढे न करता तू स्वतःच सगळ्यांच्या मधून फिरत राहिलीस, कंबर धरून. ते मला बघवलं नाही. यंदा पुन्हा तुला तो पहारा करायला लावायची माझी तयारी नाही. तुमच्यापासून लांब पळतेय असं कृपा करून समजू नका. मला फक्त काही दिवस अशा माणसांत बसायचंय ज्यांना माझं मागचं काही माहीत नाही आणि जे विचारतील ते एवढंच, की भात अजून वाढू का. नुसती पाटी कोरी झाली की मग मी येते, पाडव्याला, आणि तेव्हा दारात तू उभी राहायचं नाही, मी राहीन. काकूंना काय विचारायचंय ते विचारू देत.

तुम्ही माझी लाज वाटून घेत नाही हे मला पक्कं माहीत आहे. हे लिहायलाच हवं होतं म्हणून लिहिलं.

आता कामाचं. बुधवारी मतदानाला बाबांनी चालत जायचं नाही. रिक्षा सांगून ठेवलीय, दहाच्या आत जाऊन या, उन्हात रांग नको. आईने पारायणाच्या सात दिवसांत बीपीची गोळी चुकवायची नाही. एकभुक्त राहायचं ते राहा, पण गोळीआधी दूध तरी घे, दत्तमहाराज रागावणार नाहीत. बसायला पाटाऐवजी खुर्ची. वाडीला गेलात तर घाटाच्या पायऱ्या उतरू नका, वरूनच दर्शन घ्या. बासुंदी बाबांना अर्धी वाटी, आणि ती अर्धी वाटी कोणाची हे दादा बघेल. बँकेतून बोलतोय असं सांगणाऱ्या कोणालाही ओटीपी द्यायचा नाही, मराठीत गोड बोलला तरी. इन्व्हर्टरचं पाणी तपासायला मुलगा येईल, त्याच्या हातात पैसे देऊ नका, दिलेत मी.

14 ला जन्मकाळ झाला की फोन करते. तेव्हा हवानात सकाळचे साडेसात वाजलेले असतील. तिथे नेट फार धड नसतं, तेव्हा फोन नाही आला तर लाइट गेलीय असं समजा आणि जेवून घ्या.

दादा-वहिनींना नमस्कार, पिल्लूला पापा.

तुमची,
चिमी

ता. क. बाबा, माळ्यावरचा आकाशकंदील उतरवायला स्टुलावर चढू नका. राहू दे तिथेच लटकत, मार्चमध्ये मी काढते.