बाहेरच्या लेनमधला धावपटू पुढे का उभा असतो?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

४०० मीटरची शर्यत पाहताना बाहेरच्या लेनमधला धावपटू इतका पुढे उभा असलेला दिसला आणि तुला तो उघड अन्याय वाटला, असे तू लिहिलेस. मैदानाची आखणी हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे आणि हातात टेप धरून ती मी अनेकदा केलेली आहे, त्यामुळे दोन ओळींत उत्तर देऊन माझे समाधान होणार नाही.

प्रमाणित धावपट्टी म्हणजे ८४.३९ मीटरचे दोन सरळ भाग आणि त्यांना जोडणारी ३६.५० मीटर त्रिज्येची दोन अर्धवर्तुळे. मात्र पहिल्या लेनची लांबी आतल्या कडेच्या बुटक्या कठड्यावर मोजत नाहीत. कठड्याला पाय लागू नये म्हणून धावपटू थोडे अंतर राखूनच पळतो, हे गृहीत धरून ती ३० सेंटीमीटर बाहेरून मोजतात आणि तिथे बरोबर ४०० मीटर भरतात. पुढच्या लेनना कठडा नसतो, नुसती पांढरी रेषा असते, म्हणून तिथे हेच अंतर २० सेंटीमीटर धरतात.

आता तुझा प्रश्न. सरळ भागावर सगळ्या लेन सारख्याच लांबीच्या असतात. फरक पडतो तो वळणावर. दोन्ही वळणे मिळून एक पूर्ण वर्तुळ होते आणि लेनची रुंदी १.२२ मीटर असते, त्यामुळे दर लेनमागे फेरी ७.६७ मीटरने वाढते. पहिली आणि दुसरी यांच्यात मात्र फरक ७.०४ मीटरचाच असतो, आणि तो कमी होण्याचे कारण म्हणजे मघाचे ३० आणि २० यांच्यातले ते दहा सेंटीमीटर. हे गणित पहिल्यांदा स्वतः मांडले आणि उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत जुळले, तो आनंद मी अजून विसरलेलो नाही. आठव्या लेनपर्यंत ही वाढ ५३ मीटरच्या थोडी पुढे जाते. तेवढाच तो धावपटू पुढे उभा असतो, एक पाऊलही जास्त नाही. २०० मीटरला एकच वळण, म्हणून हे अंतर निम्मे; १०० मीटरला वळणच नाही, म्हणून सगळे एका रेषेत.

खरे पाहता गैरसोय होते ती बाहेरच्याचीच, कारण त्याला आपले प्रतिस्पर्धी दिसतच नाहीत. त्याच आठव्या लेनमधून दक्षिण आफ्रिकेच्या वेड व्हॅन नीकर्कने २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ४३.०३ सेकंदांचा विश्वविक्रम केला, म्हणून ती शर्यत मला फार मोलाची वाटते.

आरंभरेषा अशा ठिकठिकाणी विखुरलेल्या असल्या तरी अंतिम रेषा सर्वांची एकच असते. १५०० मीटर म्हणजे पावणेचार फेऱ्या, म्हणून ती शर्यत अंतिम रेषेनंतरच्या पहिल्या वळणाच्या शेवटाजवळ सुटते. ८०० मीटरमध्ये पहिले वळण आपापल्या लेनमध्ये संपवून मगच आत येता येते.

मधल्या हिरवळीवर फेकीचे प्रकार चालतात. गोळा, थाळी आणि हातोडा यांच्या क्षेत्राचा कोन ३४.९२ अंश असतो. आकडा विचित्र वाटतो, पण फेकणारा ज्या वर्तुळातून फेकतो त्याच्या मध्यापासून २० मीटरवर दोन रेषांमध्ये १२ मीटर अंतर ठेवले की तो आपोआप मिळतो. कोनमापकाची गरज नाही, टेप धरायला दोन माणसे पुरतात. भाल्याने तर एकदा मैदानाची मर्यादाच उघड केली. १९८४ साली पूर्व जर्मनीचा भालाफेकपटू उवे होन याने १०४.८० मीटर फेक केली, आणि भाले असेच जात राहिले तर मैदान पुरणार नाही, अशी चिंता निर्माण झाली. शिवाय भाला आडवा पडल्याने फेक वैध की अवैध यावरून वाद होतच होते. अखेर १९८६ साली पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य ४ सेंटीमीटर पुढे सरकवण्यात आला, त्यामुळे तो लवकर टोकावर उतरू लागला.

पुढच्या वेळी ४०० मीटर पाहायला जाशील तेव्हा दुसरे वळण जिथे संपते तिथली जागा धर. पहिल्या वळणावर लेनमधले निम्मे अंतर भरून निघते आणि उरलेले दुसऱ्यावर, त्यामुळे कोण खरोखर पुढे आहे हे सर्वांत आधी तिथेच दिसते.

तुझा,
मैदानवेडा मित्र