भोंगा वाजला की कुठं जायचं?

पुणे, 24 मे

प्रिय दिग्या,

फोन केला असता तर दुसऱ्याच वाक्याला तू "थांब, गिऱ्हाईक आलंय" म्हणाला असतास आणि माझं सगळं घशातच राहिलं असतं. म्हणून लिहितोय. पोचल्यावर व्हॉट्सॲपवर नुसता अंगठा पाठवलास तर पुढच्या दिवाळीचा फराळ बंद. माझी तब्येत बरी आहे, शुगर काठावर आहे, गुडघा आहे तिथंच आहे. झालं.

गेल्या आठवड्यात इथं आमच्या गोल्फ क्लबवर वळीव आला. दुपारपासून जीव नकोसा करणारा उकाडा, आणि चारच्या सुमारास पश्चिमेकडून काळंकुट्ट आभाळ वर यायला लागलं. माझ्या फोनवर विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप आहे, आपल्या पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं. त्यानं कोकाटायला सुरुवात केली तेव्हाच मी भोंगा द्यायला सांगितला. एकच लांब सूर. गोल्फच्या नियमात त्याचा अर्थ ठरलेला आहे: खेळ त्याच क्षणी बंद, चेंडू आहे तिथं सोडा आणि निघा. (तीन सूर म्हणजे सुरू केलेलं होल संपवून थांबलं तरी चालतं, दोन आखूड म्हणजे परत सुरू. बघ, मी पण शिकलो. आणि तू म्हणायचास, गवत कापायला कशाला बी.एस्सी. ॲग्री लागते.)

मेंबर मंडळी बग्यांमध्ये बसून क्लबहाउसकडे निघाली. माझे माळी गवत कापायचे मॉवर बंद करून शेडमध्ये आले. आमची मशिनांची शेड पक्की आहे, विटांच्या भिंती, वायरिंग, सगळं. मी दारात उभा राहून डोकी मोजली, पुरी भरली. म्हणून जरा हुश्श करून बाहेर पाहतो तर चौदाव्या होलच्या कडेला, त्या मोठ्या विलायती शिरीषाखाली, सगळे कॅडी, मेंबरांच्या बॅगा वाहणारी पोरं. खांद्यावर बॅगा. आणि दिग्या, छत्र्या उघडलेल्या, पण डोक्यावर नाहीत. बॅगांवर. बॅग भिजली तर साहेब बोलतात. बॅगेत लाखाची हत्यारं असतात ना, लोखंडाची दांडकी. ती खांद्याला लावून झाडाच्या बुंध्याला टेकून पोरं उभी.

मी ओरडलो, पण वाऱ्यात काय ऐकू जाणार. तेवढ्यात तळ्यापलीकडच्या सिल्व्हर ओकवर वीज पडली. उजेड आणि आवाज यांत अंतरच नव्हतं. झाडाची साल शेंड्यापासून मुळापर्यंत एक पट्टा सोलून निघाली, आत पांढरंफटक लाकूड. शिरीषाखालचा एक पोरगा मटकन खाली बसला. कुणाला काही झालं नाही. म्हणजे, "काही झालं नाही" असं रजिस्टरात लिहिलंय. त्या पोराच्या दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या आणि संध्याकाळपर्यंत त्याला नीट ऐकू येत नव्हतं. मी त्याला माझ्या गाडीवरून दवाखान्यात नेला, ईसीजी काढला, ठीक निघाला. तिथल्या बाईंनी विचारलं, कामावर असताना झालं का? पोरगं म्हणतं, "मी कामावर नसतो. मी कॅडी आहे."

हे वाक्य कुणाला सांगावं तर तुलाच. सुनीताला सांगितलं तर ती म्हणाली, पोरगा वाचला ना, मग जेवा आता.

पुढचं ऐक. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरीसाहेबांनी बोलावलं. मला वाटलं पोराबद्दल विचारतील. तर म्हणाले, नोव्हेंबरपासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात, आपल्याकडं सुरक्षेची नियमावली लेखी हवी, मराठीत करा, प्रत्येकाची सही घ्या आणि फाइलला लावा. त्यांनी नमुना म्हणून कुठली तरी अमेरिकन नियमावली छापून दिली. पहिलंच कलम: तळ्याजवळ काम करताना मगरींपासून सावध राहा. मी म्हटलं, साहेब, फ्लोरिडात असतील मगरी. आपल्याकडं घोणस आहे, ती घाला. ती गवतात पडून राहते, हलत नाही आणि सकाळी पाचला अंधारात होलची जागा बदलायला गेलेल्या माणसाचा पाय नेमका तिच्यावर पडतो. तर साहेब म्हणाले, घोणस घातली तर मेंबर घाबरतील. मगर राहू द्या!

मग मी बसलो लिहायला. चार रात्री गेल्या. तुला हसू येईल, पण मला मजा आली. मॉवरचं कलम मी अगदी रंगवून लिहिलंय. रीलमध्ये, म्हणजे फिरत्या पात्यांत, काडी अडकते, मॉवर खरवडल्यासारखा आवाज करतो, आणि माणूस इंजिन चालू ठेवूनच खाली वाकतो, कारण बंद करून परत चालू करण्यात वेळ जातो आणि मागून मेंबर चेंडू मारायला उभा असतो. काडी मोकळी झाली की थांबलेलं रील आपोआप झटका मारून फिरतं. बोट तिथंच असतं. म्हणून मी लिहिलं: इंजिन बंद, किल्ली काढून खिशात, मगच हात. किल्ली खिशात हे महत्त्वाचं, नाहीतर दुसरा कुणी येऊन चालू करतो. उतारावरचंही लिहिलं. ओल्या गवतावर, तळ्याच्या कडेला बसून चालवायचं मशीन नेऊ नका, तिथं हातानं कापा. ज्या मशीनला डोक्यावर लोखंडी कमान आहे तिथं पट्टा बांधायचाच. कमान नसेल तर पट्टा बांधू नका, मशीन उलटलं तर माणूस त्याच्याखालीच अडकतो. हे एवढं एकच कलम समजावायला मला अख्खी सकाळ लागली, कारण तात्या हेडमाळी म्हणतो, "एकदा बांधा म्हणता, एकदा बांधू नका म्हणता, आधी तुमचं नक्की करा."

चेंडूचंही लिहिलंय. जेमतेम 46 ग्रॅमचा चेंडू, पण चांगल्या खेळाडूच्या ड्रायव्हरवरून (लांब फटक्याचं दांडकं) सुटतो तेव्हा ताशी अडीचशे किलोमीटरच्या पुढं असतो. मेंबर मागून "फोर!", म्हणजे सांभाळा, म्हणून ओरडतात. नवा आलेला सोलापूरचा पोरगा पहिल्या दिवशी ते ऐकून टाळ्या वाजवायला लागला, त्याला वाटलं चौकार गेला. आता लिहिलंय: आवाज आला की वळून बघायचं नाही, डोकं हातात धरून खाली बसायचं. बघायला वळलेल्याच्याच तोंडावर बसतो.

आणि फवारणीच्या औषधाचं कलम. तिथं तू आलास.

आठवतंय ना 2017? यवतमाळात ते फवारणीच्या विषबाधेचं सगळं चाललेलं, वीसहून जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात, आणि तुझ्या खता-औषधांच्या दुकानावर तपासणीवाले. त्या दिवाळीत आपण माझ्या गच्चीवर भांडलो होतो. मी म्हणालो होतो, डब्यावर विषाचा लाल त्रिकोण आहे, पत्रक आहे, वाचायला काय होतं? तू ते घडीचं पत्रक माझ्यासमोर उलगडलंस, मुंगीएवढी अक्षरं, आणि म्हणालास, "ज्याच्या अंगावर औषध उडतं त्याच्या हातात डबा येतच नाही. त्याच्या पाठीवर भरलेला पंप येतो." मग त्या साली पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली, फवारा सरळ तोंडावर येत होता, वगैरे तू सांगत राहिलास आणि मी म्हणालो की तरी पण नियम हवाच. नियम हवाच हे माझं अजूनही मत आहे. तू अजूनही तितकाच हट्टी असशील. पण ते पंपाचं वाक्य मी चोरलंय. आमच्या नियमावलीत आहे: पंप पाठीवर घेण्याआधी डबा बघायला मागा, त्रिकोणाचा रंग बघा, कुणी दाखवला नाही तर पंप उचलू नका. तुझं नाव नाही घातलं. रॉयल्टी मागू नकोस.

हातमोज्यांचं मात्र तू बरोबर होतास. एकाच मापाचे आणलेत. माळ्यांनी बोटं कापून टाकलीत, आता ते मोजे आहेत की काय आहेत देव जाणे.

आता मुख्य दुखणं. विजेच्या कलमात मी लिहिलं: वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजा, तिसाच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, तडक पक्क्या इमारतीत जा, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नका. झाडाखाली नाही, उघड्या बगीत नाही, पत्र्याच्या उघड्या शेडमध्ये नाही. आणि खाली लिहिलं: माळी, मशिनवाले, बगीवाले, कॅडी, सगळ्यांसाठी क्लबहाउसचा मागचा हॉल उघडा राहील.

मसुदा परत आला तेव्हा 'कॅडी' वर लाल रेघ. हॉलचं वाक्य तर अख्खंच गेलेलं.

मी विचारायला गेलो. साहेब वाईट माणूस नाही, दिग्या, तेच तर अवघड आहे. त्यांनी चहा मागवला आणि समजावून सांगितलं. कॅडी क्लबचे नोकर नाहीत, मेंबर त्यांना रोखीनं पैसे देतो, क्लब फक्त आत यायची परवानगी देतो. उद्या सुरक्षेच्या कागदावर त्यांची सही आली की परवा तोच कागद घेऊन ते कामगार न्यायालयात उभे राहतील. कमिटीतल्या एका वकीलसाहेबांनी तर दाखलाही काढून ठेवलाय. हाँगकाँगच्या गोल्फ क्लबातल्या कॅडीचा खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिल या वरच्या कोर्टापर्यंत गेला होता, 1997 साली त्यांनी निकाल दिला की कॅडी क्लबचा नोकर नाही. मी पण काही कमी नाही, रात्री शोधून काढलं: तो निकाल एकमताचा नव्हता, लॉर्ड हॉफमन यांनी विरोधात मत लिहिलंय. आणि आपल्या सुप्रीम कोर्टानं 2016 मध्ये मुंबईच्या रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या प्रकरणात रोजंदारीवरच्या लोकांनाही ईएसआय, म्हणजे कामगार विमा, लागू केलाय. सकाळी हे सांगितलं तर साहेब म्हणाले, "तुम्ही गवताचं बघा."

अरे पण मी नोकरीचं कुठं बोलतोय? पगार, फंड, ते त्यांचं त्यांनी लढावं. मी फक्त विचारतोय की भोंगा वाजल्यावर त्या पोरांनी जायचं कुठं. कॅडीशेड म्हणजे चार खांब आणि पत्रा, तीही पार्किंगच्या टोकाला. क्लबहाउसच्या पोर्चपलीकडं ते जात नाहीत. कुणी हाकलत नाही, पण कुणी या म्हणालेलं पण नाही. आणि चौदाव्यापासून धावत पोर्च गाठेपर्यंत जे व्हायचं ते होऊन जातं. 1991 च्या यूएस ओपन गोल्फमध्ये, मिनेसोटात, झाडाखाली उभ्या प्रेक्षकांवर वीज पडली, एक गेला. तिकीट काढून आलेले लोक ते. त्याआधी 1975 ला शिकागोजवळ ली ट्रेव्हिनो हा नावाजलेला खेळाडू भर स्पर्धेत विजेनं भाजला, आणि नंतर गमतीनं सांगायचा की वादळात एक नंबरचा आयर्न (मारायला सगळ्यात अवघड दांडकं) वर धरा, त्याचा नेम देवालासुद्धा साधत नाही. हा किस्सा मेंबर लोक बारमध्ये हसत हसत सांगतात. त्याच बारची भिंत आणि मी म्हणतो तो हॉल, मध्ये एक दार आहे फक्त.

आपल्या देशात विजेनं दरवर्षी 2,000 हून जास्त माणसं मरतात. त्यातला एक आमच्या चौदाव्यावर निघाला तर फाइलमध्ये काय असेल माहितीये? माझ्या सहीची नियमावली, 'सुरक्षा प्रमुख' म्हणून. आणि तिच्यात तो पोरगा कुठंच नसेल. कागदाप्रमाणं तो तिथं नव्हताच.

शनिवारी सही मागितलीय. तात्या म्हणतो करून टाका, माळ्यांचं तरी भलं होईल, निदान मोजे मापाचे येतील. खरंय त्याचं. सही अडवली तर मॉवरचं, औषधाचं, घोणशीचं (ती मी गुपचूप परत घातलीय, मगरीच्या शेजारी) सगळंच लटकणार. सुनीता म्हणते, मुलीचं शेवटचं वर्ष आहे, नोकरीवर पाणी सोडायचा विचार असेल तर आधी मला सांगा. मी मनात असं धरलंय की सही करायची, पण खाली हातानं एक ओळ लिहायची: 'कॅडींसाठी निवाऱ्याची सोय झालेली नाही, त्याबद्दल मी तोंडी सांगितलेलं आहे.' तारीख घालून. आणि एक झेरॉक्स आपल्याकडं. तू तपासणीवाल्यांच्या कागदावर असंच काहीतरी लिहिलं होतंस ना, की नुसतं लिहीन म्हणाला होतास? मला नीट आठवत नाही आणि तुझ्या तोंडून दोन्ही गोष्टी ऐकल्यात.

दरम्यान मी एक केलंय. मशिनांची शेड पार्किंगपेक्षा जवळ आहे. कॅडीमास्तरला सांगितलंय की भोंगा झाला की पोरांनी बॅगा जिथं असतील तिथं टाकून माझ्या शेडमध्ये यायचं, बॅगेची शिवी मी खाईन. परवा पुन्हा गडगडलं तर निम्मे आले. निम्मे बॅगा सोडेनात. डिझेलचा वास येतो म्हणून एकानं नाक धरलं, म्हटलं बाबा, नाक धर पण आत थांब.

तुझं काय चाललंय? काकूंचं मोतीबिंदूचं झालं का? पिंट्याला कुठं प्रवेश मिळतोय? खतांचा स्टॉक यंदा वेळेवर आला का, की पुन्हा लिंकिंगची, खताबरोबर नको तो माल गळ्यात मारायची, कटकट? सगळं सविस्तर कळव, मी विचारलं नाही असं वहिनींना सांगू नकोस.

शनिवारच्या आत फोन कर, दुकान बंद केल्यावर, रात्री नऊनंतर. हो म्हणायचं असेल तरी कर आणि नको म्हणायचं असेल तरी कर. आणि त्या साली तू दुकानाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत जे रंगवून घेतलं होतंस त्याचा फोटो पाठव, मला अक्षरांचा आकार बघायचाय. आमचा पेंटर म्हणतो चार इंच पुरेत, मला नाही वाटत.

तुझाच,
सुध्या

ता. क. गच्चीवरच्या त्या भांडणात तू माझी चांगली बॅटरी घेऊन गेलास ती नऊ वर्षं झाली तरी तुझ्याकडंच आहे. अंधारात होल बदलायला जाणाऱ्यांना लागते. कुरियर कर.