प्रार्थनेचा विषय खरा सांगा

प्रिय आई-बाबा,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

फोनवर जे बोलायचं राहून जातं ते आज लिहून काढते आहे. फोन लागला की बाबा म्हणतात, "प्रभूची कृपा आहे, सगळं ठीक आहे," आणि लगेच माझी चौकशी सुरू करतात. प्रभूची कृपा आहे यात मला तिळमात्र शंका नाही. सगळं ठीक आहे, यात मात्र आहे. अलीकडे व्हिडिओ कॉलवर बाबांचा उजवा हात शालीखालीच असतो. आपण मिळून वचन वाचतो तेव्हा पान उलटायची वेळ आली की आई, तू पटकन पुढे होऊन ते उलटतेस. मला दिसतं गं ते.

पण आधी माझं सांगते. मी मन मोकळं केलं तर तुम्हालाही सोपं जाईल.

बरेच महिने झाले, मला रात्री झोपेतून दचकून जाग येते. छातीत धडधडतं, श्वास पुरत नाही, हातपाय गार पडतात, आणि आता आपण वाचत नाही असं अगदी खरंखुरं वाटतं. हृदयाच्या तपासण्या केल्या, त्या व्यवस्थित आल्या. मग डॉक्टरांनी अँग्झायटीचं निदान केलं. औषध चालू आहे, समुपदेशनालाही जाते. पूर्वीपेक्षा बरं आहे, पण पूर्ण बरं नाही. मुद्दाम खरं तेवढंच लिहिते आहे, कारण अर्धवट सांगितलं तर तुम्ही उरलेलं मनातल्या मनात दुप्पट करून घ्याल.

देवावर भरवसा असताना इतकी भीती कशी, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका व्यक्तीने तर तोंडावरच सांगितलं की तुझा विश्वास कमी पडतोय. ते बोलणं फार लागलं. कितीतरी दिवस प्रार्थनेला बसले तरी शब्दच फुटत नव्हते.

त्या दिवसांत मी हन्नेची गोष्ट पुन्हा वाचली. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा पहिलाच अध्याय. मूल नाही म्हणून वर्षानुवर्षं टोमणे खाल्लेली ही बाई परमेश्वराच्या मंदिरात रडते आहे. ओठ हलताहेत, आवाज मात्र नाही. एली याजक दाराशी बसलेला, त्याला वाटतं ही दारू प्यायली आहे, आणि तो तिलाच दटावतो. म्हणजे देवाच्या घरात, देवाच्या माणसाचाच तिच्याबद्दल गैरसमज होतो. तरी ती उठून जात नाही. ती त्याला नम्रपणे सांगते की मी प्यायलेले नाही, मी फार दुःखी आहे, परमेश्वरापुढे मन ओतते आहे. मग एलीही तिला आशीर्वाद देतो. यापुढची ओळ मला लहानपणापासून कुणी थांबून वाचून दाखवली नव्हती: ती परत जाते, जेवते, आणि तिचा चेहरा पुन्हा उदास राहत नाही. अजून तिचा मुलगा शमुवेल जन्माला यायचा आहे! मागितलेलं मिळायच्या आधी, नुसतं ओझं देवापाशी उतरवल्यावर तिला घास गोड लागला.

एलीयाचंही तसंच. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय पाहिलेला संदेष्टा, आणि पुढच्याच अध्यायात तो रानात एका झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागतो. देव त्याला बोल लावत नाही. दूत येतो, त्याला हात लावून उठवतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं पुढे ठेवतो. तो खातो, पुन्हा झोपतो. दूत परत येऊन पुन्हा खाऊ घालतो आणि म्हणतो, वाट तुला फार लांबची आहे. हे वाचून मी औषध घेण्याचा संकोच सोडला. देह थकतो हे देवाला ठाऊक आहे. प्रेषित पौलाच्या सोबतीलाही लूक होता, आणि पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो.

बाबा, तुम्ही आम्हाला स्तोत्रं पाठ करायला लावलीत. २३वं, १२१वं अजून झोपेतही म्हणता येतात. पण १३वं कधी पाठ करून घेतलं नाहीत. पहिल्या दोनच वचनांत दावीद चार वेळा देवाला विचारतो, कुठवर? ८८वं तर अंधारातच संपतं, शेवटी आभार नाही की स्तुती नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, आणि देवाला उद्देशूनच म्हटलेलं आहे. वधस्तंभावर प्रभूने २२व्या स्तोत्राची पहिली ओळ मोठ्याने म्हटली: माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? जो पुत्र स्वतः असा आक्रोश करतो, त्याच्यासमोर आपण ठीक असल्याचं दाखवायची गरज काय?

वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत तर प्रभूने पेत्र, याकोब आणि योहान या शिष्यांना सोबत घेतलं आणि माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे असं त्यांना उघड सांगितलं. ते झोपून गेले, ही गोष्ट वेगळी. पण त्याने सांगितलं. पित्यावर त्याच्याइतका भरवसा दुसऱ्या कुणाचा असणार? तरी त्याला जवळची माणसं हवीशी वाटली. म्हणून "मुलांना कशाला त्रास, देव बघून घेईल" हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. देव बघतोच आहे. त्याने तुम्हाला मुलं दिली तीही त्याच्या बघण्यातलीच आहेत.

पौलाच्या देहातला काटा, म्हणजे त्याला छळणारं दुखणं, तीनदा विनवूनही निघाला नाही, हे मला माहीत आहे. माझा निघेलच असं मी धरून चाललेली नाही. देवाने पौलाला दिलेलं "माझी कृपा तुला पुरे" हेच उत्तर मला मिळालं तर ते रोज सकाळी नव्याने मागावं लागेल, एवढं मला कळलं आहे. काही सकाळी मिळतं. काही सकाळी मी नुसतीच बसून राहते, आणि तेही त्याच्यासमोरच बसते.

७१वं स्तोत्र म्हाताऱ्या माणसाची प्रार्थना आहे. शक्ती क्षीण होत असताना मला टाकू नकोस, असं तो सरळ मागतो. बाबा, तुम्हीही असं मागावं, आणि आमेन म्हणायला आम्हाला जवळ बसू द्यावं. आई, तुलाही हेच. बाबांना धीर देता देता तुझी झोप उडाली असणार, ते तू कुणाला सांगतेस?

आमच्या प्रार्थनेच्या गटात मी माझा आजार नाव घेऊन सांगितला आहे. तुमच्या परवानगीशिवाय बाबांचं काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. पण हात कधीपासून थरथरतो, डॉक्टरांना दाखवलं का, दाखवलं असेल तर ते काय म्हणाले, हे मला कळवा. अजून दाखवलं नसेल तर वेळ घ्या आणि तारीख सांगा. मी रजा टाकून येते, तपासणीला मला सोबत यायचं आहे.

माझ्यासाठी प्रार्थना कराल तेव्हा झोपेसाठी करा. आणि पुढे डॉक्टर औषध कमी करायला घेतील तेव्हा मी घाबरून जाऊ नये, यासाठीही करा.

तुमची लेक