काकाजींची कुऱ्हाड

ता. पारशिवनी,
दि. २५ मे

प्रिय मित्र मधुकर यास,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझे चार फोन मी उचलले नाहीत आणि दिवाळीला नुसते जोडलेले हात पाठवून मोकळा झालो, याचा तुला राग आला असणार आणि तो यावा असाच आहे. प्रकृती बरी आहे, गुडघा आहे तिथेच आहे, साखर गोळीवर आहे. तेव्हा आजारपणाची सबब मला सांगता येत नाही. खरे कारण असे की तुझ्या वडिलांची, काकाजींची, कुऱ्हाड मी बिघडवली. हे वाक्य फोनवर तोंडातून निघेना, म्हणून वर्ष उलटले तरी तुझ्याशी बोलणेच टाळत राहिलो. इथे कुणाजवळ विषय काढला तर बाजारात चार-पाचशे रुपयांत नवी मिळते असे ऐकावे लागते, आणि त्यावर काय बोलायचे ते मला सुचत नाही.

आधी मोडला तो दांडा. गेल्या वर्षी फाल्गुनात बांधीच्या धुऱ्यावरची जुनी बाभूळ आडवी झाली. तिचा बुंधा फोडताना दांडा नेढ्याच्या, म्हणजे पात्यातल्या ज्या भोकात तो बसतो त्याच्या, अगदी तोंडाशी तुटला आणि पाते बुंध्यातच अडकून राहिले. तुटण्याचे कारण लिहिताना मला लाज वाटते, कारण त्याच गोष्टीवरून मी तुला आयुष्यभर बोलत आलो आहे. दांडा ढिला झाला की तू कुऱ्हाड बैलांच्या हौदात रात्रभर बुडवून ठेवायचास. मी सांगायचो की पाण्याने लाकूड फुगते खरे, पण भोवती लोखंड असल्याने त्याला बाहेर जायला जागा नसते, मग त्याचे तंतू आतल्या आत चेपतात आणि वाळल्यावर दांडा पहिल्यापेक्षाही सैल होतो. यावरून तू मला सगळ्या वर्गासमोर ‘इंजिनिअरसाहेब’ म्हणालास आणि मी तुला त्याच हौदात ढकलले. तर त्या माघात तीन वेळा मीच ती कुऱ्हाड हौदात बुडवली होती. नवी पाचर ठोकायचा कंटाळा, दुसरे काही नाही. हे वहिनींना सांगितलेस तरी चालेल, बाळूला मात्र सांगू नकोस.

नेढ्यात अडकलेला तुकडा काढायची सरळ रीत म्हणजे त्यात गिरमिटाने चार-सहा भोके पाडायची आणि उरलेले लाकूड खालून ठोकून बाहेर काढायचे. पण आत काकाजींनी मारलेली लोखंडी पाचर होती, गिरमिट तिला लागून दोनदा घसरले आणि मी तुकडा जाळून काढायचे ठरवले. काकाजीही कधी कधी जाळून काढत, हे तू पाहिले आहेस. मात्र ते धारेकडचा सगळा भाग ओल्या काळ्या मातीत पुरत, नेढे तेवढे वर ठेवून त्यावर निखारे रचत आणि पाण्याचा तांब्या घेऊन शेवटपर्यंत समोर बसून राहत. मीही तसेच केले, फक्त बसून राहिलो नाही. अक्षय्य तृतीयेची संध्याकाळ होती, पुरणाने डोळे जड झाले होते आणि तेवढ्यात तुझा फोन आला. सोसायटीतल्या पार्किंगचे ते प्रकरण तू अगदी मुळापासून सांगितलेस. त्यात तुझी चूक नाही. पण आमच्याकडची उन्हाळ्यातली माती निखाऱ्यांखाली चाळीस मिनिटे ओली राहत नाही आणि तुझे पार्किंग चाळीस मिनिटांत आटोपत नाही, या दोन गोष्टी त्या दिवशी एकत्र आल्या.

परत येऊन पाहतो तर माती पांढुरकी पडून पात्यापासून सुटली होती आणि भेगांतून निखारे घरंगळत धारेपर्यंत उतरले होते. आदल्याच दिवशी मी धार दगडावर घासून लखलखीत केली होती, त्यामुळे काय झाले ते लपून राहण्याची सोयच नव्हती. स्वच्छ पोलाद तापू लागले की त्यावर आधी वाळल्या गवतासारखा पिवळा रंग चढतो, तो सुमारे २२० अंश सेल्सिअसला. मग तपकिरी, मग जांभळा आणि ३०० अंशांच्या आसपास निळा. पाणी पाजताना, म्हणजे तापवून पाण्यात बुडवून धार कडक करताना, लोहार हेच रंग पाहून कुठे थांबायचे ते ठरवतो, आणि कुऱ्हाडीसाठी तो जांभळ्याच्या आगेमागे थांबतो. माझ्यासमोरच्या पात्यावर निळाही मागे पडला होता आणि धार राखेसारखी करडी झाली होती, म्हणजे तिचा कडकपणा गेला होता. पूर्वी त्या धारेवर कानस जेमतेम लागायची, बरीचशी नुसती सरकायची. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पहिल्याच हाताला चावली आणि खाली कागदावर किसाची बारीक रेघ पडली. तो कीस मी पुडीत बांधून कोनाड्यात ठेवला आहे. कशासाठी, ते विचारू नकोस.

मग पोलाद किती उरले आहे ते तरी पाहावे म्हणून पात्याला चिंचेचा दाट कोळ लावला. जुन्या कुऱ्हाडीचे अंग मऊ लोखंडाचे असते आणि पोलाद महाग म्हणून लोहार ते धारेपुरतेच आत जोडत असे. तुझ्या आजोबांनी त्यासाठी रेल्वेची मोडकी कमान, म्हणजे स्प्रिंगची पट्टी, आणून दिली होती, ही काकाजींची गोष्ट आपण शंभरदा ऐकली आहे. तीन तासांनी पाते धुतले तेव्हा गंज गेला होता, लोखंड फिकट राहिले होते, पोलाद काळवंडले होते आणि दोहोंच्या मधला सांधा नकाशातल्या नाल्यासारखा वाकडातिकडा स्पष्ट दिसत होता. खालच्या कोपऱ्यापाशी पोलाद अजून दोन बोटे शिल्लक आहे. वरच्या कोपऱ्यापाशी मात्र जेमतेम नखाएवढे उरले आहे, आणि नेमकी तिथेच तुझी खाच आहे.

हो, तीच, हद्दीच्या दगडावरची. घाव तुझा होता आणि मार मी खाल्ला, हे मी विसरलेलो नाही. काकाजींनी ती खाच घासून का काढली नाही, हे मला तेव्हा कळले नव्हते. एक खाच काढायची तर सगळी धार त्या खोलीपर्यंत मागे न्यावी लागते, म्हणजे पुढच्या दहा वर्षांचे पोलाद एका दुपारी दगडावर पुसून टाकायचे. ते तिला आपले वळसा घालून धार लावत राहिले.

दांड्याचे काम मात्र चांगले झाले, तेवढे कौतुक करून घेतोच. घर रिकामे करताना माळ्यावरची जी तीन लाकडे ‘थंडीत शेकायला ने’ म्हणून तू माझ्या गाडीत टाकलीस, ती सरपणाची नव्हती. तो धावडा होता, करवतीने कापलेला नव्हे तर फाडलेला, म्हणजे तंतू टोकापासून टोकापर्यंत सलग. आणि प्रत्येकाच्या टोकावर काकाजींनी गेरूने एक रेघ मारून ठेवली होती. ती रेघ कशाची, हे मला पहिले लाकूड वाया घालवल्यावर कळले. बुंध्याची वर्तुळे दांड्याच्या टोकाशी ज्या रेघांसारखी दिसतात, त्या पात्याच्या दिशेने उभ्या हव्यात. आडव्या आल्या तर घाव बसताच लाकूड त्याच रेघेवर चिरते. काकाजींची गेरूची रेघ म्हणजे धार कुणीकडे ठेवायची याची खूण होती. आता जंगलात कुणी असा धावडा तोडू देणार नाही, म्हणून दुसऱ्या लाकडाला हात लावण्यापूर्वी मी आठ दिवस नुसते पाहत बसलो.

रंध्याने उतरवले, काचेच्या तुकड्याने खरवडले आणि घरच्या जवसाचे तेल पाच-सहा वेळा चोळले. जवसाचे तेल हवेत वाळून घट्ट होते, गोडेतेलासारखे चिकट राहत नाही. त्याची चिंधी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. ती आपोआप तापून पेट घेऊ शकते, आणि एका वर्षात दोन आगी माझ्याच्याने निस्तरल्या नसत्या. पाते चढवताना आपल्या विज्ञानाच्या सरांची फार आठवण झाली. दांडा हातात उभा धरून पाते खाली लोंबकळत ठेवायचे आणि वरच्या बुडावर लाकडी हातोडीने ठोकायचे; दांडा खाली जातो, जड पाते जडत्वामुळे मागे राहते, आणि पाहणाऱ्याला ते आपण होऊन दांड्यावर वर चढताना दिसते. तुला तो प्रश्न परीक्षेत आला होता आणि तू ‘चुंबकामुळे’ असे लिहिले होतेस. नेढ्याबाहेर दांडा अर्धे बोट राखला आहे, म्हणजे पाचर बसली की ते टोक फुलून कडेवर पसरते.

मध्ये एकदा नैकुंडला जाऊन आलो. पेंचच्या काठची ती शिळावर्तुळे, म्हणजे फार जुन्या दफनांभोवतीची दगडांची वर्तुळे, पाहताना आपण डबा खायचो तेवढेच मला आठवत होते. तिथल्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी निघाली, आणि विदर्भातल्या अशा वर्तुळांमधून ज्या लोखंडी कुऱ्हाडी मिळाल्या त्यांना नेढेच नाही. चपटे पाते आडव्या लोखंडी पट्ट्यांनी दांड्याला जखडलेले असे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसाचा दांडा मोडला तर पट्ट्या सोडल्या की काम झाले. नेढ्यातला तुकडा जाळत फोनवर बोलत बसण्याची सोय त्याला नव्हती.

आता मुद्द्याचे. रस्त्याकडेला गाडी लोहारांचा एक तळ पडला आहे, चितोड पडल्यापासून घर न बांधण्याची शपथ सांगणारे तेच लोक. नवरा सांडशी धरतो आणि बायको घण मारते. मी पाते नेऊन दाखवले. त्याने नखाने सांधा चाचपला, खाच पाहिली आणि तुझे नाव माहीत नसूनही तुला एक शिवी दिली. पाते लाल करून, धार पाण्यात बुडवून, रंग परत उतरवून पुन्हा पाणी पाजता येईल, असे तो म्हणतो; पण पाण्यात पडताच तडा जायचा असेल तर तो खाचेपासूनच जाईल आणि जुना सांधाही उघडू शकेल. खाच आधी घासून काढली तर तडा जाण्याचे भय कमी होईल, पण वरच्या कोपऱ्यातले पोलाद संपेल आणि तिथली धार साध्या लोखंडाची राहील. काहीच केले नाही तर कुऱ्हाड आहे तशी मऊ, दर दोन ओंडक्यांना दगडावर न्यावी लागणारी. ती बायको म्हणाली की जोखीम घ्या, भिंतीवर टांगायची असती तर दांडा कशाला केला. मला तिचे पटते, पण हात होत नाही. पाते तुझ्या बापाचे आहे आणि खाचही तुझीच आहे.

वहिनींची बदली थांबली का? मुलीला कोणती शाखा मिळाली ते कळवले नाहीस, की कळवलेस आणि मी उघडले नाही? काकूंच्या डोळ्याचे झाले असेल. पार्किंगचा निकाल लागला असेल तर तो पत्राने लिही.

लोहार मृग लागेपर्यंत इथे आहेत, नंतर पुढे जातील. हे पत्र मिळाले की फोन कर आणि तीनपैकी काय करू तेवढे सांग. या वेळी चुलीत काही नाही, कितीही वेळ बोल.

कळावे.

तुझा,
वसंता

ता. क. – दांडा माझ्या मुठीच्या मापाने केला आहे. तुला जाड वाटेल. तिसरे लाकूड माळ्यावर तसेच ठेवले आहे, गेरूची रेघ वर करून.