‘साशिमोनो’ म्हणून विकलेल्या लेखनपेटीबाबत तक्रार

पुणे, 28 जुलै 2025

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी

विषय: दोन खणांची लेखनपेटी परत घेऊन 16,800 रुपये परत करण्याबाबत

महोदय / महोदया,

19 एप्रिलला तुमच्याकडून आलेली टेबलावर ठेवायची लेखनपेटी मला परत करायची आहे. तुम्ही ती ‘साशिमोनो’, म्हणजे फळ्या एकमेकांत सांधून केलेले पारंपरिक जपानी लाकूडकाम, म्हणून विकली होती. याबाबत मी 30 जूनला आणि 9 जुलैला ईमेल केले. पहिल्याचे उत्तर आले: “लाकूड नैसर्गिक असल्याने पावसाळ्यात थोडे फुगणे स्वाभाविक आहे.” त्यासोबत पुढच्या खरेदीवर 15 टक्के सवलतीचे कूपन होते. दुसऱ्याची साधी पोचही आली नाही. तुमचे ते पहिले उत्तर मला मान्य नाही. का, ते सविस्तर लिहिते.

जूनच्या अखेरीस पेटीचा मागचा खालचा कोपरा फुगला. वरचा पातळ पापुद्रा सुटला आणि आत तपकिरी, भुशासारखा भाग दिसू लागला. त्यात दोन बारीक लोखंडी पिना आहेत, त्यांना गंज चढला आहे. आमच्या सोसायटीत काम करणाऱ्या सुतारकाकांना मी पेटी दाखवली. त्यांनी नखाने टोकरून पाहिले आणि म्हणाले, “ताई, हे एमडीएफ आहे. लाकूड असं पावासारखं फुगत नाही.” एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू चिकटवून, दाबून केलेली फळी. त्यांचे म्हणणे बरोबर आहे. अस्सल फळी दमट हवेत रेषांच्या आडव्या दिशेने थोडी रुंदावते, खण जरा घट्ट बसतो, आणि हवा कोरडी झाली की फळी पुन्हा जागेवर येते. ती कडेला फुलून भुसभुशीत होत नाही.

तुमच्या पानावर मात्र लिहिले आहे: ‘किरी लाकूड, एकही खिळा नाही, अस्सल एदो साशिमोनो.’ एदो हे टोकियोचे जुने नाव. किरी हे जपानमधल्या सर्वांत हलक्या लाकडांपैकी एक. पाण्याशी तुलना केली तर त्याचे वजन साधारण तीन-दशांश भरते. एमडीएफ त्याच्या दुपटीहून जड. पेटी खोक्यातून काढताना ती हाताला जड लागली होती, पण तो मजबूतपणा असेल असे मी समजले. तेव्हाच शंका यायला हवी होती.

सांध्यांचेही तेच. पेटीच्या चारही कोपऱ्यांवर डव्हटेलचे, म्हणजे टोकाकडे रुंद होत जाणारे, दात दिसतात. जपानीत या सांध्याला ‘अरी’ म्हणतात, म्हणजे मुंगी. आकार मुंगीच्या डोक्यासारखा म्हणून. खऱ्या अरी सांध्यात दोन फळ्यांचे दात एकमेकांत अडकलेले असतात. त्यामुळे कोपऱ्यावर पाहिले की एका फळीच्या उभ्या रेषा आणि लगेच दुसरीचा कापलेला टोकाचा भाग असे आलटून-पालटून दिसते. या पेटीवर लाकडाची एकच रेषा सलग सगळ्या दातांवरून पलीकडे गेली आहे. म्हणजे दात कापलेलेच नाहीत, पापुद्र्यावर काळ्या रेषा उमटवल्या आहेत. याचे जवळून काढलेले फोटो जोडले आहेत.

मी गेली बारा वर्षे पुण्यात जपानी भाषा शिकवते. त्याआधी दोन वर्षे टोकियोत होते. तिथे ताइतो भागात एका वयस्कर कारागिराच्या कामाच्या खोलीत मला एकदा तासभर बसायला मिळाले. तो रंधा स्वतःकडे ओढत होता, भारतात पुढे ढकलतात तसा नाही. सांधा पूर्ण बसल्यावर बाहेरून काहीच दिसत नव्हते. आत किती कापकाम आहे ते फक्त त्याला ठाऊक. त्याने किरीच्या कपाटाचा एक खण बंद केला, तर आतल्या हवेच्या दाबाने शेजारचा खण अलगद बाहेर आला. ते पाहून मी लहान मुलासारखी हसले होते. तशी एखादी वस्तू आपल्या टेबलावर असावी, विद्यार्थ्यांना दाखवता यावी, म्हणून मी तीन महिने पैसे बाजूला ठेवून ही पेटी घेतली.

साशिमोनोत लोखंडी खिळ्यांना थारा नसतो, हे मी सांगायला नको. लाकडी खिळे चालतात, सरसही चालतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. एदो साशिमोनोला जपान सरकारने 1997 मध्ये पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला आहे. तपासणीत उतरलेल्या वस्तूंवर त्याचे चिन्ह लावतात. ते पेटीवर नाही. एवढ्यावरून मी तिला खोटी म्हटले नसते, कारण चिन्हाशिवायही चांगले काम होते.

पण खणाच्या तळाशी एक छोटी जपानी चिठ्ठी होती. तुमच्यापैकी कोणी ती वाचली की नाही, मला माहीत नाही. तिच्यावर तीन अक्षरे आहेत: ‘साशिमोनो-फू’. ‘फू’ म्हणजे ‘च्या धर्तीचे’. ज्याने ही पेटी बनवली त्याने खरे तेच लिहिले होते: साशिमोनोसारखी दिसणारी वस्तू. ते शेवटचे अक्षर तुमच्या पानावर गळाले आणि त्याच्या जागी ‘अस्सल’ हा शब्द आला. या बदलाची किंमत मी मोजली आहे. साशिमोनोच्या धर्तीची पेटी म्हणून तुम्ही ती रास्त दरात विकली असती, तर मी कदाचित घेतलीही असती आणि आज हे पत्र लिहिले नसते. ज्या कामासाठी माणसे वर्षानुवर्षे उमेदवारी करतात, त्या कामाचे नाव असे कशालाही लावू नये.

माझ्या मागण्या अशा. पेटी तुमच्या खर्चाने परत न्यावी आणि पूर्ण 16,800 रुपये मूळ खात्यात जमा करावेत. बदली पेटी किंवा कूपन नको. पानावरचे वर्णन दुरुस्त करावे, आणि ज्यांनी हीच पेटी घेतली आहे त्यांना स्वतःहून कळवावे. ही तिसरी मागणी मला पैशांइतकीच महत्त्वाची वाटते.

ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांनुसार तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. 9 जुलैच्या ईमेलची पोच आलेली नाही, म्हणून हे पत्र रजिस्टर्ड पोस्टाने पाठवत आहे. 9 ऑगस्टपर्यंत पैसे जमा झाले नाहीत, तर मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

पेटी मी रिकामी करून, पुसून, मूळ खोक्यात भरून ठेवली आहे. तुमचा माणूस सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी पाचनंतर येऊ शकतो.

आपली,
ग्राहक (नाव व पत्ता बिलावर आहे तोच)

सोबत: बिलाची प्रत, तुमच्या पानाचे स्क्रीनशॉट, कोपऱ्यांचे सहा फोटो, जपानी चिठ्ठीचा फोटो व तिचे मराठी भाषांतर, दोन्ही ईमेलच्या प्रती