सूचना : जुन्या ब्रिटिश रेडिओ विनोदाची संध्याकाळ

सर्व सभासदांस स्मरण देण्यात येते की, बीबीसीच्या जुन्या विनोदी श्रुतिका एकत्र बसून ऐकण्याचा कार्यक्रम येत्या शनिवारी सायंकाळी ६ वाजता मंडळाच्या सभागृहात ठरल्याप्रमाणे होईल. आरंभ टॉमी हँडली यांच्या 'इटमा'ने होईल. १९३९ ते १९४९ या काळात, ऐन युद्धाच्या धामधुमीतही, या कार्यक्रमाने ब्रिटिश श्रोत्यांना हसवले. मुख्य भाग मात्र १९५१ ते १९६० दरम्यान गाजलेल्या 'द गून शो'चा असून, त्याचे प्रमुख लेखक स्पाइक मिलिगन यांचा जन्म १९१८ साली अहमदनगरला झाला आणि त्यांच्या बालपणाची काही वर्षे पुण्यात गेली, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल (मला ते कळले तेव्हा मनापासून आनंद झाला होता). मध्यंतरात नारळाच्या दोन करवंट्या एकमेकींवर आपटून घोड्याच्या टापांचा आणि खडीच्या ट्रेवर चालून पावलांचा आवाज स्टुडिओत कसा काढला जाई, हे प्रत्यक्ष दाखविले जाणार असल्याने मुलांना अवश्य सोबत आणावे. ध्वनिमुद्रणांत अधूनमधून खरखर असल्यामुळे मोबाइल बंद ठेवावेत. जागा मर्यादित असल्याने गुरुवारपर्यंत कार्यवाहांकडे नावे नोंदवावीत, ही विनंती.